जलरंगाचा आकाशकंदील: दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन करायचं सोपं काम

सोप्यातली (शहापूर, बेळगाव)

आपल्याकडं कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची. दिवाळीला मोजके दिवस मिळतात, त्यातला एक फराळात आणि एक पाहुण्यांत जातो. कोल्हापूरची भाचरं दिवाळीत मोकळी होतात तोवर आमच्यांची दप्तरं परत पाठीवर. म्हणून आमच्या घरी कंदील दसऱ्यातच तयार होतो आणि तो जलरंगाचा असतो. मागं फराळाच्या धाग्यावर दोघीतिघींनी 'कसा करता' म्हणून विचारलं होतं, त्यासाठी हा वेगळा धागा.

यात चित्र काढायचं नाही. ओल्या कागदावर रंग सोडायचा, तो पसरेल तसा पसरू द्यायचा, वाळल्यावर कागदाला तेल चोळायचं, गुंडाळी करायची आणि आत दिवा सोडायचा. चार वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना जमतं.

कागद ए-थ्री मापाचा, १५० जीएसएमच्या आसपासचा ड्रॉइंग शीट घ्या. जलरंगासाठी पाहिजे म्हटलं की दुकानदार ३०० जीएसएमचा जाडजूड कागद पुढं करतो. चित्राला तोच चांगला, पण कंदिलाला नको. त्यातून उजेड नीट येत नाही. उलट वहीच्या पानाएवढा पातळ घेतला तर ओला झाल्यावर उचलतानाच फाटतो. जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानंही नकोत, ती पाणी पीत नाहीत.

रंगाची नेहमीची १२ वड्यांची डबी चालते. त्यातल्या तीनच वड्या बाहेर काढा: पिवळी, तांबडी, निळी. बाकीच्या फडताळात वर ठेवा, नाहीतर सगळ्यांत ब्रश जातो. अर्धा तास आधी प्रत्येक वडीवर चार थेंब पाणी सोडलं की वडी मऊ होते आणि रंग दाट उतरतो. कोरड्या वडीवर ब्रश घासत बसलं तर नुसतं रंगीत पाणी मिळतं. पोस्टर कलर वापरू नका. तो दिवसा झकास दिसतो, पण उजेड अडवतो, त्यामुळं रात्री नुसते काळे डाग.

आता कागद नळाखाली दोन्ही बाजूंनी भिजवा आणि फरशीवर पसरा. आमच्या सोप्यात शहाबादी आहे, तिच्यावर तो मस्त चिकटून बसतो. मधून कडेकडं फडकं फिरवून खालची हवा बाहेर ढकला आणि वरचं पाणी टिपा. कागद चमकला पाहिजे, पण त्यावर पाण्याचं तळं नको. हे एवढं मोठ्यांनी करायचं, पुढचं सगळं पोरांचं.

आधी सगळीकडं पिवळा, एक इंची चपट्या ब्रशनं. मग एका टोकाकडून तांबडा, दुसऱ्या टोकाकडून निळा. मध्ये पिवळ्याला भेटले की आपोआप केशरी आणि हिरवा तयार होतो. तिन्ही एकाच जागी घोटले तर मात्र राखाडी चिखल होतो. ते आधी सांगू नका. एका कोपऱ्यात होऊ द्या चिखल, मग दुसऱ्या कोपऱ्यात पोरं स्वतःच ब्रश धुवून घेतात.

चमक जायच्या बेतात आली की चिमूटभर जाडं मीठ भुरभुरायचं. प्रत्येक खड्याभोवतीचं रंगीत पाणी खड्याकडं ओढलं जातं आणि बर्फाच्या चांदण्यांसारखे फिकट ठिपके उमटतात. कागद फार ओला असेल तर मीठ विरघळून जातं, वाळलेला असेल तर काहीच होत नाही. पूर्ण वाळल्यावर हातानं चोळून सगळं मीठ झाडून टाकायचं, एक खडाही ठेवायचा नाही. मीठ हवेतलं पाणी धरतं आणि तिथला कागद दमट राहतो.

वाळला की उलटा करा आणि कापसाच्या बोळ्यानं मागून तेल चोळा. चारी कडांना दोन बोटं जागा कोरडी सोडा, कारण तेलकट कागदाला फेविकॉल धरत नाही, खळही धरत नाही. जादा तेल वर्तमानपत्रानं टिपून घ्या आणि कागद रात्रभर रद्दीत दाबून ठेवा. सकाळी ४२ सेंटिमीटरची बाजू वळवून दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवा, साधारण साडेबारा सेंटिमीटर व्यासाची नळी होते. वरच्या कडेला आतून कार्डशीटची पट्टी, तिला समोरासमोर भोकं, सुतळी. खाली झिरमिळ्या. आत एलईडी बल्ब.

संध्याकाळी लावून बघा. मीठाचे ठिपके, ब्रशचे फटकारे, एवढंच काय, कुणाचा अंगठा लागलेला असतो तोही दिसतो.

---

तिसरंगेट

ताई, मस्तच. तेल कुठलं? घरात खोबरेल आहे.

---

सोप्यातली

खोबरेल चालतं, पण दिवाळीच्या सुमाराला आपल्या गावात पहाटे गारठा असतो आणि खोबरेल २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं. कागदावर पांढरे ढग उमटतात. दिवा लागला की परत जातात, पण दिवसा बघवत नाही. आम्ही सूर्यफूल वापरतो.

---

निपाणीकर

तेलानं रंग पुसला जात नाही का? पोरगा विचारतोय, मला उत्तर येईना.

---

कॅनव्हासकाका

जलरंगात रंगाची पूड डिंकानं बांधलेली असते. डिंक पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. म्हणून तेल रंगाला हात लावत नाही, फक्त कागदात मुरतं. कागद पांढरा दिसतो तो धाग्यांमधल्या हवेमुळं, तिथं उजेड इकडंतिकडं विखुरतो. तेलानं त्या फटी भरल्या की उजेड सरळ पार होतो. गरम भजी ठेवलेल्या कागदातून खालची अक्षरं दिसतात, तेच हे. मेणाच्या खडूनं रंगवलेलं असेल तर मात्र तेलानं ते फिसकटतं, हे मुलाला आवर्जून सांगा.

---

अथणीचा_पाव्हणा

आमच्या बाजूला करडईचं तेल घरात असतंय, ते लावलं तर चालतंय. पण त्याच्यापेक्षा जवसाचं लावा की हो. सुकून कडक होतंय, हाताला तेलकट लागत नाही. धूळ पण धरत नाही.

---

वायरमन

पाव्हणं, जवसाचं तेल सुकतं हे खरं. पण त्याचे बोळे आणि चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निर्माण होते. ढिगाऱ्यात ती उष्णता बाहेर पडत नाही आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. सुतारकाम, पॉलिशकाम करणाऱ्यांना विचारा. बोळे पाण्यात बुडवा, नाहीतर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा. घरात लहान पोरं असताना सूर्यफूलच बरं.

आणि एलईडीबद्दल ताईंनी एका ओळीत आवरलंय, मी जरा ठासून सांगतो. तेल लावलेला कागद म्हणजे पेटायला तयार कागद. आत पणती नाही, मेणबत्ती नाही, जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब नाही. त्या बल्बची काच इतकी तापते की साध्या कागदालाही ती जवळ नको. तीन वॅटचा एलईडी या मापाच्या कंदिलाला भरपूर झाला. होल्डर सुतळीला बांधा, कागदाला लटकवू नका. वायरीला मध्ये जोड नको. वायर दारातून नेणार असाल तर दार मिटताना ती चेंगरत नाही एवढं बघा.

---

येळ्ळूरची_आज्जी

(नातीकडून लिहून घेत आहे)

आमच्या वेळी बुरडाकडनं कामट्या आणायच्या, पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा आणि आत पणतीच. किती कंदील जळले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कोण रडत नव्हतं, दुसऱ्या दिवशी दुसरा. पण वायरमन म्हणतोय ते बरोबर हाय. आता घरं चिकटून चिकटून झालीत, एकाचं पेटलं तर गल्ली पेटंल.

मला एवढंच विचारायचंय, तेलाचा हात भिंतीला लागल्यावर पुसायचं कुणी?

---

सोप्यातली

आज्जी, आमच्याकडं तेलाचं काम परड्यात, धुण्याच्या दगडाजवळ. सोप्यात तेल आणायचंच नाही असा नियम आहे.

---

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

मी प्राथमिक मराठी शाळेत शिकवतो. कंदील वाचून आमच्या वर्गात केलेल्या दुसऱ्या एका कामाबद्दल लिहावंसं वाटलं. रंगाची डबी सगळ्यांकडं नसते. माती मात्र सगळ्यांच्या दारात असते, आणि आमच्या खानापूरच्या मातीला रंग काय कमी आहे? पांढरा सदरा घालून पावसात जांबोटीपर्यंत जाऊन या, कळेल. तो तांबडा रंग मातीतल्या लोहाच्या गंजाचा. गेरूत आणि डबीतल्या तपकिरी वडीत बहुधा तोच असतो.

करायचं असं. ओंजळभर माती कुटून बादलीत पाण्यात ढवळायची. मिनिटभर थांबायचं, तेवढ्यात वाळू आणि खडे तळाला बसतात. वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं. हेच परत एकदा करायचं. मग ते गढूळ पाणी दिवसभर हलवायचं नाही. वरची निवळी ओतून टाकली की खाली लोण्यासारखा गाळ राहतो. तो ताटात पसरून उन्हात वाळवायचा आणि खलात घोटायचा. जितकं घोटाल तितका रंग मऊ. हे काम वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर पोरांना द्यावं, माझा अनुभव चांगला आहे.

बांधायला बाभळीचा डिंक. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर भिजत ठेवून सकाळी फडक्यातून गाळायचा. किराणा दुकानात 'डिंक कतीरा' म्हणून मिळतो तो नको. तो विरघळत नाही, नुसता फुगून जेलीसारखा होतो. डिंकाच्या पाण्यात मधाचे दोन-चार थेंब टाकले की वडी वाळल्यावर तडकत नाही. एक लवंग टाकून ठेवली तर बुरशी जरा उशिरा धरते. मातीची पूड आणि डिंकपाणी बशीत घोटून बाटलीच्या बुचात भरायचं. दोन दिवसांत वडी तयार.

काळ्या रंगासाठी अथणी-चिकोडीकडची काळी माती लागते. आमच्या एका सहकाऱ्यांचं सासर तिकडचं, त्या पिशवी भरून घेऊन आल्या. ही माती वाळताना फार आकसते, तिला मध थोडा जास्त लागतो. पिवळ्याला हळद. हळदीनं रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यात काडी बुडवून रेघ ओढली की ती तांबडी उमटते. त्या दिवशी पुढचा तास गणिताचा होता, तो झाला नाही.

पाव्हणं, तुमच्याकडची माती अजून थोडी मिळेल का?

---

अथणीचा_पाव्हणा

माती? सर, ट्रॉली पाठवू का?

---

तिसरंगेट

मातीचा रंग कंदिलाला वापरला तर चालेल का? भारी दिसेल.

---

मलप्रभाकाठ

लावून बघितला. दिवसा सुरेख दिसतो, रात्री विटकरी काळपट. मातीचे कण उजेड अडवतात. फार पातळ केला तर चहासारखा रंग येतो, तो बरा दिसतो. हळद मात्र दिव्यापुढं झळझळते. फक्त उन्हात टांगू नका, हळदीचा रंग उन्हानं उडतो. मातीचे रंग पोरांच्या भेटकार्डांना ठेवा, कंदिलाला डबीतलेच बरे.

---

रंकाळा (कोल्हापूर)

आमची भाची सीमेच्या अलीकडं पडली म्हणून तिला सुट्टी दिवाळीत, त्यामुळं आम्ही जरा उशिरा करणार. प्रश्न असा की ती आठ वर्षांची आहे आणि 'नुसते डाग नकोत, मला मोरच पाहिजे' म्हणून हटून बसली आहे. काय करू?

---

सोप्यातली

मोर काढू दे की! कोरड्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीनं काढायला सांग. जाड रेघा, दाबून. दिसत काहीच नाही, त्यामुळं ती जरा वैतागेल. मग वरून रंगाचं पाणी फिरवायचं. मेणावर पाणी टिकत नाही, तेवढी रेघ पांढरी राहते आणि मोर बाहेर येतो. या प्रकारात कागद आधी भिजवायचा नाही, ओल्या कागदावर मेणबत्ती उठत नाही.

रंग वाळल्यावर कागद दोन वर्तमानपत्रांत ठेवून कोमट इस्त्री फिरव. मेण वितळून कागदात मुरतं आणि त्या रेघा दिव्यापुढं पारदर्शक दिसतात. मग मोराला तेल नाही लावलं तरी चालतं. इस्त्री तुझ्या हातात असू दे.

---

कॅनव्हासकाका

आता मी थोडा विरोधी सूर लावतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला रंग नुसता सोडू द्यावा, मान्य. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही 'पसरेल तसा पसरू दे' एवढंच सांगितलं तर ते तिथंच थांबतं. माझं आयुष्य चित्रकलेच्या लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षांना मुलं बसवण्यात गेलं. जलरंगात पहिली शिकायची गोष्ट म्हणजे सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात. फळी थोडी तिरकी, ब्रश भरलेला, वरून आडवा पट्टा, त्याच्या खालच्या कडेला जमलेलं पाणी पुढच्या पट्ट्यानं खाली आणायचं, शेवटी पिळलेल्या ब्रशनं टिपायचं. मध्ये थांबायचं नाही. हे जमलं की आकाश जमलं. तुमच्या कंदिलाला असा वरून गडद निळा आणि खाली उतरत फिका झालेला एक वॉश दिलात तर तो तिन्ही रंगांच्या गोंधळापेक्षा देखणा दिसेल.

दिवा आणि जलरंग म्हटलं की मला हळदणकर आठवतात. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, घाट उतरलं की लागणाऱ्या सावंतवाडीचे. हातात दिवा धरून, दुसऱ्या हातानं ज्योत आडोशाला घेणाऱ्या स्त्रीचं त्यांचं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, १९४५-४६ सालचं. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, तैलरंग समजतात. ते जलरंग आहे. बोटांच्या कडांतून तांबूस उजेड पार होतो ना, तिथं त्यांनी पांढरा रंग फासलेला नाही, आतला कागद बोलतो. दसऱ्याला मैसूरला जाणार असाल तर हत्ती बघा, पण अर्धा तास या चित्रापुढं काढा. मुलांना चित्राच्या जवळ नेऊन फक्त बोटं दाखवा.

आपल्या बेळगावातही के. बी. कुलकर्णी सरांसारखे गुरू होऊन गेले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. अशा गावात मुलांनी नुसते डाग करत राहावं हे काही मला पटत नाही.

---

सोप्यातली

काका, वॉश शिकवाच तुम्ही, आमच्या थोरल्याला पाठवते. पण माझ्या धाकटीला तिच्या चित्राच्या वहीवर लाल शेरा मिळाला, 'रेषेबाहेर रंग', आणि तिनं डबीच उघडायची बंद केली. ओल्या कागदावर रेषच नसते. तिथून ती परत ब्रश धरायला लागली. दहा वर्षांची झाली की तुमच्याकडं घ्या.

---

कॅनव्हासकाका

रेषेबाहेर रंग गेला म्हणून शेरा? छे छे. आणा तिला. आत्ताच आणा, दहा वर्षांची व्हायची वाट नको. आणि एकदम मोठा ब्रश द्या तिला, बारीक ब्रशनं हात आखडतो.

---

निपाणीकर

आम्ही केला. दोन कागद झाले. पिवळ्यात तांबडा मिसळला तेव्हा पोराचं तोंड बघण्यासारखं होतं, तंबाखूच्या वखारीत काम करणारे आमचे शेजारी पण येऊन बघून गेले. शेजारची कन्नड बोलणारी दोन पोरं 'आकाशबुट्टी आकाशबुट्टी' करत आत शिरली ती जेवूनच गेली.

अडचण एकच. कागद वाळला आणि पापडासारखा वेडावाकडा झाला. काय करायचं?

---

सोप्यातली

फरशीवरून लवकर उचललात का? वाळेपर्यंत तिथंच राहू द्यायचा. आता कागद उलटा करा, मागच्या बाजूला ओला स्पंज हलक्या हातानं फिरवा, खाली-वर कोरे कागद ठेवा आणि वरून पाटा नाहीतर जाड पुस्तकं रात्रभर. सरळ होतो. तेल लावायच्या आधी करा हे, तेलानंतर पाणी मुरत नाही.

---

तिसरंगेट

आमच्याकडं आज पाऊस. दसऱ्याला पाऊस म्हणजे काय म्हणायचं? कागद वाळेना. हेअर ड्रायर फिरवू का?

---

कॅनव्हासकाका

फिरवा, पण चमक गेल्यावर. ओल्या रंगावर वारा मारलात तर सगळा रंग एका कडेला पळेल. मीठ टाकलं असेल तर अजिबात नको, मीठाला सावकाश वाळणारा कागद लागतो.

---

मलप्रभाकाठ

कणकुंबीकडं आम्ही पावसाचाच उपयोग करतो. रंगवलेला ओला कागद दोन मिनिटं अंगणात धरायचा, रिमझिम असताना. थेंब पडतात तिथं रंग बाजूला सरकतो आणि गोल गोल डाग उमटतात. मुसळधार असेल तर मात्र कागद कोरा होऊन घरात येतो.

---

तिसरंगेट

धरला. गॅलरीतनं हात बाहेर काढून. मीठापेक्षा भारी आलं, सर! बायको म्हणते कपडे आत घ्यायचे राहिले.

---

रंकाळा

मोर झाला. म्हणजे भाचीच्या मते मोर आहे, घरच्या बाकीच्यांच्या मते कोंबडा. इस्त्रीनंतर पिसारा काय उजळला! तिनं शाळेतल्या मैत्रिणींना दाखवायला तो दप्तरात घडी घालून नेला, घडीवर मेण तडकलं. परत इस्त्री मारली, झालं नीट.

पावसात बाहेर टांगला तर टिकेल का हा?

---

सोप्यातली

तेल लावलेला शिंतोडे झेलतो, धार झेलत नाही. कडा कोरड्या असतात ना, तिथून पाणी शिरतं आणि रंग ओघळतो. आमचा सोप्यातच असतो, कौलांच्या आत. गॅलरी असेल तर आतल्या कडीला लावा.

---

येळ्ळूरची_आज्जी

नातीनं दोन केले. एक आमच्या दारात लावणार, एक किल्ल्यावर. राजहंसगड करायला लागल्यात पोरं, तटबंदीला खऱ्या गडावरची माती आणलीय, गड वाटेवरच तर हाय. सरांचं वाचून त्याच मातीचा रंग पण केलाय. बुरूज रंगवून झालं, मग माझी पाट्याची कड रंगवली, मग मांजर.

तुळशीच्या लग्नापर्यंत राहील का कंदील, की विटंल?

---

सोप्यातली

राहतो, आज्जी. तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा, तिथवर काही होत नाही. त्याच्यापुढं सूर्यफूल तेल चिकट व्हायला लागतं, धूळ बसते, वास मारतो, झुरळंही येतात. तो कागद पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका. पुस्तकात खूण म्हणूनही नको, पानांना तेल लागतं. वरची कार्डशीटची पट्टी आणि सुतळी तेवढी काढून ठेवा.

---

वायरमन

आणि होल्डर-वायर गुंडाळताना आवळून मुरड घालू नका, आतली तांब्याची तार तुटते आणि वरून दिसत नाही. सैल वेटोळं करून, वर वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या दसऱ्याला लावायच्या आधी एकदा मला नाहीतर गल्लीतल्या कुणाला दाखवा. उंदीर कुरतडतात.